सहा महिन्यांची पाहुणी

सकूकाकू गेल्याचं सांगायला माझा धाकटा भाऊ मळ्यातून वाशीमच्या कचेरीपर्यंत चालत आला, तेव्हा मी कुणाचा तरी अर्ज लिहीत होतो. "काकू गेली," तो म्हणाला. मी त्याला हातानंच थांबवलं, अर्ज पुरा केला, खाली अंगठा घेतला आणि मगच उठलो. अर्जनवीसाचा धंदा, हाताला वळणच तसं पडलेलं. या गोष्टीला आज दीड महिना झाला. वर्तमानपत्राच्या पुरवणीत थोरामोठ्यांवर लिहून येतं. काकू तशी कोणी नव्हती. पण तिच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा कागद मी लिहिला होता, तेव्हा हेही मीच लिहिलेलं बरं.

चुलते तरुणपणीच वारले. गावाच्या कडेला त्यांच्या वाट्याचा मळा होता, तो काकूनं एकटीनं राखला. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर स्वतः काढायची आणि बाजाराच्या दिवशी स्वतःच पाल टाकून विकायला बसायची. भावात घासाघीस करणाऱ्याला अशी एकेक सुनवायची की शेजारचे दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून ऐकत राहायचे. एकुलती एक लेक जना, रिसोडला दिलेली. जावई रेल्वेत फिटर होऊन आफ्रिकेत मोंबासाला गेला आणि जनालाही घेऊन गेला. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवायचो. काकूचे गुडघे गेले, टोपली उचलवेना, तेव्हा जावयानं लिहिलं की मळा पुतण्यांकडे सोपवा आणि कायमच्या इकडे या. कुठल्याही गोष्टीला लगेच हो न म्हणणारी ही बाई पत्र संपायच्या आत म्हणाली, "जाऊ दे रे मले, बापू. लय झालं आता वांगे तोडनं. लेकीपाशी मरतो."

आता तिकडच्या सरकारचे परवाने दोन. एक पाहुण्याचा, सहा महिन्यांचा. त्याला इकडे घरदार आहे, माणसं आहेत, मुदत संपली की परत येणार, असं लिहून द्यावं लागे. दुसरा म्हाताऱ्या आईबापांचा, कायम राहण्याचा. त्याला मुलानं किंवा जावयानं पोसण्याची हमी द्यायची, आणि इकडे हिला सांभाळणारं कोणी नाही असं आम्ही लिहायचं. जावयानं हमीचा कागद शिक्का मारून आधीच धाडला होता. बाबांनी तो मला वाचायला लावला आणि भडकले. आमच्यात लेकीच्या घरचं पाणी प्यायलाही आईबाप बिचकतात. "माही भावजय जावयाच्या भाकरीवर जगन काय? अन् वरून लिहून देयाचं का तिले इथं कोनी नाही? आमी काय मेलो?" बाबा अडाणी होते, त्यांचं सोडा. मी इंग्रजी शिकलेला होतो. पण खरं सांगतो, तिला इथं कोणी नाही हे वाक्य माझ्या अक्षरात लिहायची मलाच लाज वाटली. चार लोक काय म्हणतील, हेच डोक्यात. मी पाहुण्याचा अर्ज लिहिला. स्वतःचं घर व मळा आहे, पुतणे पालनपोषण करतात, लेकीला भेटून परत येईन... जिला जायचं होतं तिला विचारलंच नाही.

"समदं बराबर लिवलं ना रे?" अंगठ्याला शाई लावताना तिनं विचारलं.

"हो काकू. तिकडं गेलीस का मुदत वाढवून भेटते." असं भेटतं की नाही, हे मला काडीचंही ठाऊक नव्हतं.

ती मोंबासाला गेली. लुगड्याच्या गाठीत वांग्याचं बी बांधून नेलं आणि जावयाच्या खोलीमागे लावलं. नात तिच्याच कुशीत निजते, असं जनानं लिहिलं. लेकीच्या हातचं ती बिनघोर जेवत होती. लाज काय ती आम्हालाच होती. मुदत संपत आली तेव्हा जावई ती वाढवून मागायला तिकडच्या कचेरीत गेला. तिथल्या साहेबानं माझाच अर्ज पुढं ठेवला. बाईला घर आहे, मळा आहे, पुतणे पोसतात, मग इथं राहायचं कारण काय? काकू परत आली. पुढे दुसरी मोठी लढाई लागली, आमच्यासारख्यांना बोटीत जागा कसली मिळते! लढाई संपल्यावर मी दोन अर्ज केले, रडून-भेकून लिहिले. दोन्ही वेळा उत्तर एकच, की पहिल्या अर्जात तुम्हीच काय लिहून दिलंय ते पाहा. लोकांना मी आयुष्यभर बजावत आलो की लेखी दिलेलं फिरवता येत नाही.

परत आल्यावर तिनं मळ्यातल्या खोलीत वेगळी चूल मांडली. गुडघे धरून धरून स्वतःची भाकर स्वतः थापायची. माझी बायको ताट घेऊन जायची, "भूक नाही वं बाई" म्हणून ते झाकलेलंच परत यायचं. दिवाळीलाही तेच. म्हातारीला आफ्रिकेचं वारं लागलं म्हणून आम्ही थट्टा करायचो... तीसुद्धा तिच्यासमोर.

शेवटच्या आठवड्यात मी एकदाचं विचारलं, "आमच्या घरचं काहून खात नाहीस वं, काकू?"

ती आढ्याकडे बघतच म्हणाली, "तिथल्या सायबानं तुहा कागद जावयाले वाचून दाखोला. जावयानं मले सांगतलं. पुतने पोसतात म्हने मले... म्या म्हनलं, ठीक हाये. आता त्यायनं पोसू नोको." मग मान वळवून म्हणाली, "मेल्यावरबी माह्या नावानं जेवन घालू नका."

इतकी वर्षं तिला माहीत होतं. मला एकदा शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो. पण बाजारात कुणाचं ऐकून न घेणारी ही बाई माझ्याशी एका शब्दानं भांडली नाही, आणि याचा मला आजही तिच्यावर राग येतो. स्वतःवर येतो त्याहून कमी, पण येतो.

त्या खोलीतली चूल बायको पाडू म्हणते. मी पाडू देत नाही. एवढ्यावर लेख संपवला असता तर मी बरा दिसलो असतो. पण तेरवीच्या आधी बाबा म्हणाले, "जेवन नाही घातलं त लोक तोंडात शेन घालतीन." मी सामानाची यादी लिहायला घेतली. सारी आळी जेवली, तीन पंगती उठल्या. पुतण्यांनी काकूचं काही कमी केलं नाही, असं लोक हात धुताना म्हणत होते. मी बुंदीचं पातेलं घेऊन उभा होतो, आणि जो मागेल त्याला वाढत होतो.