चारा टाकलेली जागा

थंडी सरत आली की पवई तलावातला मासा सुस्त असतो. सकाळी पाणी गार, त्यामुळे तो तळाशी बसून राहतो. दुपारी काठालगतचं पाणी कोमट झालं की तासभर उथळात येतो, पण गळाला हिसका देत नाही. दोरीला बांधलेली मोरपिसाची दांडी पाण्यावर तरंगत असते, ती नुसती थरथरते. तेवढ्यावर काठी उचलायची.

हे मला दादाने शिकवलं. संपानंतर त्याची गिरणी उघडलीच नाही. तो कांजूरला माझ्याकडे राहायचा. घरात बोलत नसे. बोलायचा तो तलावावर, मरोळच्या गावठाणातल्या एका ख्रिस्ती म्हाताऱ्याशी. दादा त्याला मामा म्हणायचा. ती मोरपिसाची दांडी मामानेच दिलेली.

त्या काठावर एक रीत होती. ज्याने चारा टाकला त्याची जागा. दादाने चार दिवस एकाच दगडापुढे भाजलेला कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड मळून टाकली. पाचवा दिवस शनिवार. त्या दिवशी पाण्याला हात लावायचा नाही, मासा निर्धास्त होऊ द्यायचा. रविवारी बसायचं.

शनिवारी दादा गिरणीच्या गेटवर सभेला गेला. माझं ऑफिस अर्धा दिवस. मी त्याची जुनी काठी घेतली आणि त्या दगडावर जाऊन बसलो. का, ते आजही नीट सांगता येत नाही. "तू टेबलावरचा माणूस, तुला नाय जमायचं," असं तो एकदा म्हणाला होता, एवढंच. मामा त्या दिवशी आला नव्हता. दोनच्या सुमारास दांडी थरथरली. मोठा रोहू होता, बराच वेळ पाणी ढवळत राहिला. घरी नेणं शक्य नव्हतं. घाटकोपरला सासुरवाडीला दिला. दादाने पाठवलाय म्हणून सांगितलं.

रविवारी दुपारी मी दादाचा डबा घेऊन गेलो. दांडी सकाळपासून हलली नव्हती. एवढ्या गार पाण्यात एक मासा झुंजला की बाकीचे दोन-चार दिवस तिथे फिरकत नाहीत. हे मला माहीत होतं.

तीस पावलांवर बसलेला मामा ओरडला, "काय रं, मासंबी तुज्या गिरणीवानी संपावर गेलं काय?"

एरवी दादा हसला असता. त्या दिवशी त्याने दगडाच्या खाचेतून काहीतरी उचललं. रुपयाएवढं खवलं होतं.

"मामा, काल इथे कोण बसलं होतं?"

"मला काय ठावं? काल मी आलोच नाय."

"तुझ्याशिवाय बाहेरच्या कुणाला सांगितलं नव्हतं मी. चार दिवस चारा टाकलाय."

"आरं, तुजी जागा ती मला चर्चवानी. मी बसंन?"

"मग हे खवलं काय आभाळातून पडलं?"

मामा उठून जवळ आला. त्याने ते खवलं बघितलं, माझ्याकडेही बघितलं. मी डब्याचं झाकण घट्ट लावत होतो. दादाने दोरीची मोरपिसाची दांडी सोडली आणि मामाच्या पुढ्यात टाकली. म्हाताऱ्याने ती वाकून उचलली, शर्टाला पुसली आणि चालू लागला. त्या काठावर तो पुन्हा आला नाही. पावसाळ्याआधी दादाचंही जाणं बंद झालं. दोन-तीन वर्षांनी मामा वारल्याचं कळलं तेव्हा दादा म्हणाला, "जाणार नाय मी." मीही गेलो नाही.

यावर वीस वर्षं गेली. दरवर्षी थंडी सरताना दादा खिडकीत बसून म्हणतो, "म्हाताऱ्याने असं करायला नको होतं." मी चहा पुढे करतो.

गेल्या रविवारी त्याने पुन्हा तेच म्हटलं. मी म्हणालो, "दादा, तो मी होतो."

त्याने चहा खाली ठेवला.

"केवढा होता?"

मी दोन्ही हात लांब करून दाखवले. त्याने बघितले.

"आणि मी त्याला बोललो तेव्हा तू तिथेच होतास ना रे?"

"होतो," मी म्हटलं. "डबा घेऊन उभा होतो."