ताईने तपासलेलं पुस्तक

आमच्या हिंदी मुलखातल्या मराठी मंडळाच्या सचिवांनी माझ्या ताईला फसवलं. मला फसवलं असतं तर मी बघून घेतलं असतं. सायकलवर भांडी विकता विकता ब्राह्मणपाऱ्यात दुकान उभं केलं, ते काही फसून नाही.

ताई माझ्याहून मोठी. तिला गोष्टी सावकाश समजतात. वाचताना एका ओळीत एकच गोष्ट लागते. अभनपूरला मावशीकडे एकटीने बसने जायचं, एवढीच तिची हौस. मंडळाने तिच्यासारख्यांसाठी बसप्रवासाचं सोपं मराठी पुस्तक काढायचं ठरवलं आणि ते तपासायचं काम ताईला दिलं.

दुपारी गिऱ्हाईक नसताना सचिव दुकानात यायचे. ताई मोठ्याने वाचायची. अडली की पानावर तळहात ठेवायची. म्हणजे वाक्य बदला.

"आता समजलं का, ताई?"

"नाही समजून राहिलं. एवढं लंबं लंबं काहून लिहिता?"

मी गल्ल्यावरून वाक्यांचा भाव पाडायचो, "साहेब, अर्ध्यात द्या!" शेवटी उरलं ते असं: 'बस थांबू द्या. मग चढा. कंडक्टरला सांगा, अभनपूर.' ताई हे इतकं ठासून वाचायची की समोरचा मिठाईवाला विचारायचा, "दीदी, निकल रही हो क्या?"

"हव!"

त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात.

पुस्तक छापून आलं. चौबे कॉलनीतल्या प्रकाशनाच्या कार्यक्रमाला ताई नवी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. पान उघडलं. 'वाहन पूर्णतः स्थिर झाल्यावरच प्रवाशांनी आरोहण करावे.' तिने पानावर तळहात ठेवला. पुढच्या पानावरही ठेवला. मग पुस्तक मिटलं.

सचिवांना मी तिथेच धरलं.

"अहो भाऊ, आपली हिंदी मिसळलेली मराठी पुण्याकडे गेली तर लोक हसतील. जरा शुद्ध करून घेतली."

"पुण्याचे लोक अभनपूरच्या बसमध्ये चढून राहिले काय?"

ताईने माझी बाही ओढली. "भांडू नको रे. मलेच वाचता नाही येत."

जुनी वाक्यं आठवून मी तिला मोठ्या अक्षरांत लिहून दिली. ती हात लावत नाही. म्हणते, छापलेलं तेच खरं. मावशी फोनवर विचारते, कधी येतेस? ताई फोन माझ्या हातात देते. दुपारी दुकानात आता फक्त पंख्याचा आवाज असतो.

सचिवसाहेब, माझी माफी मागू नका. दुकानात या, ताईसमोर बसा आणि चूक तिची नव्हती, तुमची होती, हे तिला तुमच्या तोंडाने सांगा. बोला, कधी येता?