पिल्लाचं पाणी

माझ्यात एक खोड आहे. समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझं उत्तर तयार असतं. वाशीमच्या थोडं बाहेर, रस्त्याला लागून आमचं भाजीपाल्याचं रान आहे. आजूबाजूच्या शेतांत कुणाची गाय आटली किंवा वासरू हगायला लागलं, की लोक आधी मला विचारायचे आणि मग डॉक्टरकडे जायचे. ही गोष्ट मी चारचौघांत जरा जास्तच सांगायचो.

दोन हिवाळ्यांपूर्वी रानडुकरांनी टमाट्याचा अर्धा प्लॉट उधळला, तेव्हा कुत्रा पाळायचं ठरलं. आसेगावला माझ्या साळ्याच्या शेतात कुत्री व्यायली होती. मी मोटारसायकलवर गेलो आणि पाच पिल्लांतलं सगळ्यात आगाऊ पिल्लू पिशवीत घालून आणलं. तांबूस अंगाचं, पुढचा एक पाय पांढरा. "अजून पंधरा दिवस आईजवळ राहू द्या त्याले, भाऊजी," असं साळा म्हणाला होता. मी ते हसण्यावारी नेलं. वाटभर पिल्लू पिशवीतून डोकं काढून वारा खात होतं, आणि मला वाटत होतं, बघा कसं खुशीत आहे.

घरी आल्यावर त्याचे लाड सुरू झाले. लाड म्हणजे म्हशीचं दूध, सायीसकट, वाडगाभर. त्याचं पोट टम्म फुगलं की मला समाधान. तिसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यापासून विहिरीपर्यंत जागोजागी पिवळी पातळ घाण पडलेली होती, आणि बायको ओल्या फडक्यानं त्याचे मागचे पाय पुसत होती.

"हगवण लागली त्याले," ती म्हणाली. "दवाखान्यात न्या."

"कुत्र्याले कायले दवाखाना? पाणी बंद कर त्याचं. आपोआप थांबते."

हे मी इतक्या खात्रीनं बोललो की मलाच ते खरं वाटलं. आम्हा भाजीवाल्यांचं आयुष्य ड्रिपच्या कॉकवर चालतं. वाफ्यात पाणी साचलं की कॉक बंद करायचा, दोन दिवस ऊन लागू द्यायचं, जादा ओल उतरून जमीन वाफशावर येते. पिल्लाचं पोटही मी त्याच हिशेबात बसवलं. शिवाय लहानपणी वडिलांनी एक हगवण लागलेलं वासरू 'बंद करून' वाचवलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी मेथीच्या जुड्या घेऊन मी बाजारात गेलो. गुरांचा दवाखाना त्याच वाटेवर आहे. जाताना त्याच्या फाटकासमोरून गेलो आणि येतानाही. गाडी थांबवली नाही. कुत्र्याचं पिल्लू घेऊन रांगेत उभं राहिलो तर लोक काय म्हणतील, असा विचार डोक्यात आला होता, हे आज कबूल करतो.

परत आलो तर पिल्लू वांग्याच्या सरीत, ड्रिपच्या नळीशी बसलेलं. नळीच्या छिद्रातून थेंब यायचा, ते चाटायचं आणि पुढच्या थेंबाची वाट पाहायचं. घरात ओट्यावर वाटीत पाणी आणि चमचा. माझं डोकंच फिरलं.

"तूच पाजून राह्यली नं त्याले? म्हणून थांबून नाही राह्यलं ते."

"जीभ पाहा त्याची, कोरडी ठाक पडली. दोन चमचे पाजले फक्त."

"ढोरांतलं तुले समजते का मले?"

लग्न झाल्यापासून जनावरांच्या बाबतीत तिनं माझा शब्द कधी मोडला नव्हता. मी वाटीतलं पाणी ओतून दिलं आणि पिल्लाला विहिरीजवळच्या कडुनिंबाला सुतळीनं बांधलं, नळीपर्यंत पोचणार नाही असं. संध्याकाळपर्यंत हगवण थांबली. मी बायकोला बोलावून ते दाखवलं. बाहेर यायला आत काही उरलंच नव्हतं, हे दाखवणाऱ्या शहाण्याला कळत नव्हतं.

पाणी बंद केल्याच्या तिसऱ्या सकाळी त्यानं मान उचलली नाही. सुतळी वांग्याच्या सरीकडे ताणलेली होती आणि ते तिच्या टोकाला पडलेलं होतं. डोळे खोल गेले होते. मग मात्र मी पिशवी घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टर तरुण होता. त्यानं पिल्लाच्या मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी कधी प्यायलं हे?"

"बंद केलं आहे, परवापासून," मी सांगितलं. अभ्यास करून आलेल्या पोरासारखं सांगितलं.

त्यानं सलाईनची सुई शोधता शोधता माझ्याकडे पाहिलं. "बंद दूध करायचं असतं, काका. पाणी नाही. खालून जेवढं जाते, तेवढं वरून द्यावं लागते. चिमूटभर मीठ, साखर, चमच्या-चमच्यानं. काल आणायला पाह्यजे होतं."

तिथं त्या टेबलाशी उभं असताना मला ते वासरू पुरतं आठवलं. वडिलांनी त्याला गायीपासून तोडलं होतं, खरं आहे. पण दिवसभर ते बांबूच्या नळीनं त्याच्या घशात भाताची मिठाची पेज ओतत होते, आणि त्याचा जबडा उघडा धरायला मीच बसलो होतो. माझे हात त्या पेजेनं चिकट झाले होते. त्या सगळ्यातलं 'बंद' तेवढं मी लक्षात ठेवलं.

सलाईन देऊन झाल्यावर मी त्याला घरी आणलं. दुपारभर मी आणि बायको त्याच्याजवळ बसलो. मी चमचा लावायचो, पाणी तोंडाच्या कडेनं गळून जायचं. लाईन आली, मोटार सुरू झाली, नळ्यांतून पाणी सुरसुरायला लागलं. त्या आवाजानं त्याचा एक कान हलला. त्यानंतर ते बायकोच्या मांडीवरच गेलं. त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं.

कडुनिंबाखाली खड्डा करून मी त्याला पुरलं. ती आता मला बोलेल, चांगलं फैलावर घेईल, असं वाटत होतं. खरं तर मला तेच हवं होतं. ती विहिरीवर वाटी-चमचा घासत बसली होती.

"बोल नं काहीतरी," मी म्हणालो.

"तुमाले काय बोलू?" तिनं वाटी पालथी घातली. "माह्यंच चुकलं. तुमचं ऐकलं मी."