चुकलेली म्हैस

भोरला संस्थान होतं तेव्हा मी तिथं मास्तर होतो. दर भाद्रपदात सायकल काढून एकटाच वेल्ह्यापलीकडच्या रानात धबधबे बघायला जायचो. एकटाच, हे मी घरी फार ठासून सांगत असे. सायकल शेवटच्या वस्तीवर एका शेतकरीबाबांच्या अंगणात ठेवायची आणि पुढं पायी जायचं. बाबा मला नखशिखांत न्याहाळत आणि एवढंच म्हणत, "व्हा फुडं, मास्तर. आमची म्हस चुकलीय, म्याबी तिकडंच निगालोय."

मग दिवसभर ते माझ्यामागं वीस पावलांवर. म्हशीला हाक मात्र कधी मारत नसत. ओढा आला की नेमके निसरड्या दगडापाशी पाण्यात उभे राहत आणि माझा दंड धरून विचारत, "हितनं गेली आसंल का वो?"

एकदा परतल्यावर मी त्यांच्या कारभारणीला हळहळून म्हणालो, "आजही म्हैस सापडली नाही हो."

"कुठली म्हस?" त्या म्हणाल्या. "आमच्यात बैलांची जोडी तेवढी हाय."

बाबा मान खाली घालून काठीचा चिखल खरवडत राहिले.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम बजावलं, "बाबा, यंदा मी अगदी एकटा जाणार."

"जावा की," काठी उचलत ते म्हणाले. "आमची शेळी चुकलीय."