कुलूपबंद वस्तीतल्या नोंदी

तालुका आरोग्य अधिकारी म्हणून मी बीड जिल्ह्यात आले, तेव्हा माझ्या टेबलावर एक मोठा स्क्रीन होता. तालुक्यातलं प्रत्येक गाव त्यावर एक ठिपका. गरोदर बायांच्या तपासण्या वेळेवर झाल्या की ठिपका हिरवा, राहिल्या की लाल. सकाळी चहा घेता घेता मी लाल ठिपके शोधायची आणि त्या गावच्या सिस्टरला नोटीस पाठवायची. हिरव्या गावांकडे बघायला वेळच नसायचा. त्या स्क्रीनवर माझा पुरता भरवसा होता.

दिवाळी झाली आणि माणसं ऊसतोडीला निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत संसार भरून गावंच्या गावं कारखान्यांकडे जाताना मी रोज बघत होते. तरी डोंगरातली एक वस्ती हिरवीच होती. मी सहज तिची यादी उघडली. नऊ गरोदर बाया. पहिल्या पानावरच्या सगळ्यांचा रक्तदाब एकशेदहा-सत्तर. महिने सरत होते, पण त्यांतल्या एकीचंही वजन पावशेरानं वाढलं नव्हतं. यादी मिटली आणि ड्रायव्हरमामांना म्हटलं, "गाडी काढा."

आम्ही पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. समोरच्या एकाही घराचं दार उघडं नव्हतं. कुलपं गंजू नयेत म्हणून त्यांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि वाऱ्यानं त्या सगळ्या एकदमच सळसळत होत्या. दुसरा आवाज नव्हता. कोंबडी नाही, कुत्रं नाही.

मी एका दाराशी उभी राहून मोबाईलवर यादी उघडली. त्या घरातल्या बाईच्या नावापुढं लिहिलं होतं : आज भेट झाली, तब्येत उत्तम. वेळ आत्ताची, जेमतेम दोन मिनिटांपूर्वीची.

मी कुलपाकडे बघितलं. पिशवीवर धुळीचा थर होता. तेवढ्यात खालचं नाव हिरवं झालं. मग त्याखालचं. शेजारच्या बंद घरात, मग त्यापलीकडच्या बंद घरात कुणीतरी हलकेच जात होतं, अंधारात बसलेल्या बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळत होतं, असं मला वाटायला लागलं. हसू येईल, पण मी दाराला कान लावला.

मामा दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, आत कोन हाय?"

"कुणी नाही."

"मंग चला की इथनं."

आठ नावं हिरवी झाली. नववं झालं नाही. मी ती ओळ उघडली. तिथले आकडे मात्र दर खेपेला बदलत गेले होते, चढत गेले होते. शेवटची तपासणी चार दिवसांपूर्वीची, दीडशे-शंभर. खाली वस्तीच्या आशाताईनं टिपलं होतं : पायावर, तोंडावर सूज, तातडीनं गाडी पाठवा.

हे चार दिवस माझ्या टेबलावरच होतं. पण नऊही जणींच्या तपासण्या वेळेवर भरलेल्या, म्हणून ठिपका हिरवा राहिला होता.

वस्तीच्या टोकाला एक दार उघडं दिसलं. उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. आम्हाला बघून तिला जराही नवल वाटलं नाही.

"आलात व्हय," ती म्हणाली. "आशाताई म्हनली, मशिनीत लिवलंय, गाडी येईल. चार दिस झाले, आमी बसूनच हाव."

आत तिची सून भिंतीकडे तोंड करून पडली होती. डोळे सुजून बारीक झालेले. "डोस्कं लई दुखतंय," ती म्हणाली, "आन् तुमी दोन दोन दिसताव."

आम्ही तिला गाडीत घेतलं. पाली गावाच्या अलीकडं तिला झटके आले. मी तिला कुशीवर धरून ठेवलं, म्हातारी नारायणगडाच्या दिशेनं हात जोडून पुटपुटत राहिली. बीडला डॉक्टरांनी सुनेला वाचवलं. बाळ मात्र पोटातच गेलं होतं. मुलगी होती.

आठवड्यानं मी पुन्हा तिची ओळ उघडली. तिथं भरलेलं होतं : प्रसूती झाली, मुलगी, अडीच किलो, आई-बाळ सुखरूप. मी कितीतरी वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. जी मुलगी श्वासही घेऊ शकली नाही, तिचं वजन कुणीतरी केलं होतं.

उपकेंद्राच्या सिस्टरला बोलावून घेतलं. माझा आवाज चढला होता. "हे काय भरलंय तुम्ही? आणि त्या आठ जणी? त्या तर तोडीला गेल्यात!"

तिनं पदराचं टोक पिळलं. "मॅडम, रकाना मोकळा ठिवला की दुसऱ्या दिवशी नोटीस येती."

"कुणाची?"

"तुमचीच सही असती की."

मी तिला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग दोघींनी मिळून ती ओळ दुरुस्त केली. त्याच दुपारी मी तालुक्यात कळवलं : घर बंद असेल तर 'घर बंद' लिहा, माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा, नोटीस येणार नाही.

महिनाभरात माझा तालुका लालभडक झाला. जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांनी भिंतीवरच्या नकाशाकडे बोट केलं. "तुमच्याकडे एकदम झालं काय?"

"सर, काही झालेलं नाही. आता दिसायला लागलंय."

मग शेजारच्या तालुक्यांच्या हिरव्या ठिपक्यांवरून त्यांची नजर सावकाश फिरली. शेवटी त्यांनी त्यातल्याच एकावर बोट ठेवलं आणि विचारलं, "या गावात शेवटचं कोण गेलतं?"