बोटभर उठाव

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं लाकडी होड्या बांधल्या. मग सगळ्यांना फायबरच्या होड्या हव्याशा झाल्या, नदीकाठचा कारखाना बंद पडला आणि बाबा घरी बसले. नुसते बसले असते तर एक वेळ चाललं असतं. महिन्याभरात त्यांनी घरातली एकूण एक खुर्ची उलटी करून ठोकली, माझी भाजी चिरायची फळी तासून निम्मी केली आणि गळक्या नळावर मला रोज व्याख्यान दिलं. माझ्या अगदी नाकीनऊ आले. मी दारं-खिडक्यांच्या कारखान्यात ऑर्डरी घेते. तिथल्या मालकांकडे मी बाबांसाठी शब्द टाकला, तो माझ्या सुखासाठी. नातेवाइकांना अर्थात वेगळं सांगितलं.

मालकांनी पंधरा दिवस काम बघून ठरवू म्हटलं. पहिलंच काम निघालं एका शाळेच्या उंच दारांसाठी बारा ट्रान्सम. दाराच्या वर उजेडासाठी काच असते ना, ती काच आणि दार यांच्या मधल्या आडव्या लाकडाला आमच्याकडे ट्रान्सम म्हणतात. शब्द ऐकून बाबांचा चेहरा खुलला. होडीच्या मागच्या टोकाला जी आडवी फळी असते, जिच्यावर इंजिन अडकवतात, तिलाही होडी बांधणारे ट्रान्समच म्हणायचे. आता घरानं हा शब्द होडीकडून घेतला की होडीनं घराकडून, हे शोधून काढायचं काम जेवता जेवता माझ्या गळ्यात पडलं.

मी जाडजूड शब्दकोश उघडला. शब्द बहुधा एका जुन्या लॅटिन शब्दावरून आला, असं त्यात होतं. मुळात अर्थ ‘आडवं टाकलेलं लाकूड’. लॅटिन बोलणारे लोक तो इमारतीतल्या तुळईलाही वापरायचे आणि वल्हेकऱ्यांच्या बसायच्या फळीलाही. बाबा जरा हिरमुसले. होडी थोरली ठरावी अशी त्यांची फार इच्छा होती. मग म्हणाले, “असू दे. एका घरातले तर आहेत.”

पाचव्या दिवशी बारा ट्रान्सम तयार झाले. लाकूड असं गुळगुळीत, की बाकीचे सुतार येऊन हात फिरवून गेले. मालकांनी वर सरळ पट्टी ठेवली तर ती डुगडुगायला लागली. बाराच्या बारांची वरची कड मध्यभागी बोटभर उंच होती. होडीत ती तशीच ठेवतात, म्हणजे पाणी साचत नाही, दोन्ही बाजूंना ओघळून जातं. शाळेच्या दारावर कसलं पाणी साचणार? काच काही बसेना. मालक ओरडले नाहीत, तेच मला जास्त लागलं.

“चूक माझीच,” बाबा म्हणाले. “पट्टी लावलीच नाही. हातानं बघितलं, आणि हाताला ते सरळच वाटलं.”

“उरलेल्या दहा दिवसांत नवे बारा करून द्या,” मालकांनी बाबांना सांगितलं, “नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल.” त्या संध्याकाळी बाबा धड जेवले नाहीत. मला म्हणाले, “परत पाठवलं तर मी दिवसभर करू काय, तूच सांग.” ते घाबरले होते. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी हाताला शिकवायला घेतलं. चार वेळा रंधा मारला की पट्टी. घरी आले की डोळे मिटून टेबलाच्या कडेवरून, चौकटीवरून, कपाटावरून तळवा फिरवत राहायचे. पंधराव्या दिवशी मालकांनी पट्टी लावली तर खालून कागदसुद्धा सरकेना. बाबा कायम झाले आणि माझा जीव भांड्यात पडला.

पुढच्याच रविवारी त्यांचं जुनं गिऱ्हाईक दारात आलं, होडी चालवणारा एक माणूस. बाबांनीच बांधलेली होडी, तिची मागची फळी कुजली होती. बाबांनी त्याला बसवून घेतलं, कुठून कुजली, पाणी किती येतं, सगळं खोदून खोदून विचारलं. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज खुललेला ऐकून मलाच बरं वाटलं. आजच जाऊन या, मी म्हटलंही.

बाबांनी टेबलाच्या कडेवरून तळवा फिरवला. मग मान हलवली. “दुसऱ्या कुणाकडून करून घे. माझा हात आता दारांचा झालाय.”

“एका फळीचं तर काम आहे, काका. आणि तुम्हीच केलेली.”

“दार चुकलं तर काच बसत नाही, एवढंच,” बाबा म्हणाले. “तुझ्या होडीत तुझी पोरं असतात.”

तो माणूस उठून गेला. बाबा आत जाऊन दुसऱ्या दिवशीच्या कामाचे कपडे घडी करून ठेवू लागले. माझ्या सुखासाठी मालकांकडे टाकलेला तो शब्द मला आठवला. मी त्यांच्या मागे जाऊन म्हटलं, “बाबा, माझं चुकलं.” त्यांना ते कशाबद्दल, हे कळलंच नाही. ते म्हणाले, “तुझ्यामुळेच तर काम मिळालं, बाळ.”