वाट द्यायची जागा

वर्ना टॉफ्ट मूळची डोंगरातली नव्हे. ती वाढली नॉर्थ डाकोटाच्या सपाट गव्हाच्या मुलखात, जिथे छपरावर चढलं की शेजारच्या गावचं चर्च दिसतं. चोविसाव्या वर्षी नवऱ्याला सोडून ती मोंटानातल्या लॉस्ट स्पून खोऱ्यात, पाहुण्यांना घोड्यावरून फिरवणाऱ्या एका रँचवर स्वयंपाकाला आली. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथला वाटाड्या पाय मोडून पडला आणि मालकाने तिलाच घोड्यावर बसवलं. त्यानंतर ती खाली उतरलीच नाही, असं तिथले लोक हसून सांगतात.

जन्मात घोड्यावर न बसलेल्या पाहुण्यांना दोन तास डोंगरात फिरवायचं आणि सुखरूप परत आणायचं, हे तिचं काम. निघताना ती दर वेळी तेच सांगायची, "घोडा तुमच्यापेक्षा शहाणा आहे. त्याला ही वाट तोंडपाठ आहे. टाचा खाली, लगाम सैल, आणि फोटोसाठी दोन्ही हात सोडायचे नाहीत. मागच्या साली एकाने सोडले होते. तो अजून उशी घेऊन बसतो म्हणे."

लोक हसायचे, त्यांची भीती थोडी मोडायची, आणि ओळ निघायची.

भुताखेतांच्या गोष्टींचं तिला वावडं होतं. संध्याकाळी शेकोटीपाशी गडी माणसं त्या रंगवायला लागली की ती उठून भांडी घासायला जाई. त्यामुळे त्या वळणाबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती.

चढ लागल्यावर अर्ध्या तासाने, कड्याखाली, वाट जरा रुंद होते. तिथे घोडे थांबायचे. नुसते थांबायचे नाहीत. वर्नाच्या पुढच्या घोडीपासून शेवटच्या म्हाताऱ्या घोड्यापर्यंत एकेक जण वाट सोडून डोंगराच्या अंगाला सरकायचा आणि वाटेकडे तोंड करून उभा राहायचा. समोरून ओझ्याची जनावरं आली की घोडे अशीच वाट देतात. पण समोर कुणी नसायचं. सगळ्यांचे कान वरच्या बाजूला वळायचे, मग हळूहळू, अगदी चालत्या माणसाच्या वेगाने, खालच्या बाजूला फिरायचे. दोन-तीन मिनिटं. मग कुणीही टाच न मारता ओळ पुन्हा चालू लागायची.

सकाळच्या फेरीत हे होत नसे. दुपारी दीडच्या फेरीतच व्हायचं.

सुरुवातीला वर्नाने मनाची समजूत घातली, आधीच्या वाटाड्याने सवय लावली असेल. पण बाजारातून नवा घोडा आणला, तर तोही पहिल्याच दुपारी वाट सोडून उभा राहिला. तेव्हापासून ती पाहुण्यांना सांगू लागली, "जरा दम खाऊ द्या त्यांना." आणि स्वतः खोगिराच्या पुढच्या मुठीकडे बघत बसायची.

अशी एकवीस वर्षं गेली. मग एका सप्टेंबरात ओहायोहून डेल्फीन कोझॅक नावाच्या बाई आल्या. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, सदुसष्ट वर्षांच्या, अंगाने भरदार, तोंडाने मोकळ्या. त्या दिवशी फेरीत त्या आणि एक नवं लग्न झालेलं जोडपं, एवढेच होते.

"बाई गं, चाळीस वर्षं साठ-साठ पोरं घेऊन बस हाकली," घोड्यावर चढवताना त्या वर्नाला म्हणाल्या, "पण तिला ब्रेक होता हो!"

वळणावर घोडे सरकले, उभे राहिले. जोडपं आपापसात कुजबुजत होतं. वर्नाची नजर खाली. तेवढ्यात मागून डेल्फीनबाईंचा खणखणीत आवाज आला, "नमस्कार! सांभाळून जा हं."

वर्नाच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिने वळून पाहिलं. बाई रिकाम्या वाटेकडे बघून मान डोलावत होत्या, जशी बसच्या काचेतून ओळखीच्या माणसाला डोलवावी तशी.

घोडे चालू लागल्यावर बाईंनी तिला सुनावलं, "तुम्ही वाटाड्या ना? त्या बिचाऱ्याने टोपी उचलली, तुम्ही साधं बघितलंसुद्धा नाही."

"कुणी?"

"अहो, खेचरं घेऊन गेला तो! तरणाताठा पोरगा, टोपीला निळी पट्टी. अकरा खेचरं मोजली मी, सवयच आहे मोजायची. दहांवर लांबलांब ओझी, ताडपत्रीत बांधलेली. शेवटचं रिकामं." मग त्या घुटमळल्या. "एक विचारू? एवढी जनावरं गेली, पण टापांचा आवाज कसा आला नाही?"

वर्नाने फेरी पुरी केली, तिघांना उतरवलं, घोड्यांचे तंग सैल केले. एक बक्कल तिला तीनदा धरावं लागलं.

खोऱ्यात जुनं माहीत असलेला एकच माणूस उरला होता, आयनर लुंड. तरुणपणी त्याने वरच्या चांदीच्या खाणीला खेचरांवरून माल पोचवला होता. आता शहाऐंशी वर्षांचा होऊन गावातल्या वृद्धाश्रमात असायचा. वर्ना दुसऱ्या दिवशी अ‍ॅपल पाय, म्हणजे सफरचंद भरलेला गोड पदार्थ, भाजून घेऊन गेली.

"कोण मेलं?" तिला पाहताच तो म्हणाला. "तू अ‍ॅपल पाय घेऊन येतेस म्हणजे कुणीतरी मेलेलं असतं."

तिने जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं. म्हाताऱ्याचा काटा हातातच राहिला.

"शेवटचं रिकामं होतं म्हणाली ती? नक्की?"

"नक्की म्हणाली."

त्याने काटा ताटलीत ठेवला. मग म्हणाला, "सदतीस सालच्या हिवाळ्यात खाणीवर हिमकडा कोसळला. अकरा माणसं गेली. मी अकरा खेचरं घेऊन वर गेलो. दहा जण सापडले. ऑस्कर नीएमी सापडेना. पुन्हा बर्फ सुरू झालं, आणि मी म्हटलं, चला खाली. वसंतात येऊन शोधू. वसंतात खाण बंद पडली आणि मला दुसरीकडे काम लागलं. मी गेलोच नाही."

"आणि तो टोपीवाला?"

"निळी पट्टी माझ्या आईने शिवली होती."

"आयनर, तू तर इथे आहेस. जिवंत आहेस."

"हो. पण एक वाजता जेवण झालं की माझा डोळा लागतो. आणि डोळा लागला की मी त्या वाटेवर असतो. रोज. खाली उतरत असतो." तो तिच्याकडे वळला. "कड्याखाली कुणीतरी मला वाट देतं, वर्षानुवर्षं. एक बाई असते, मान खाली घालून बसलेली. मला कधी वाटलं नाही, ती तू असशील."

वर्ना त्या दिवशी रँचवर आली ती ताप घेऊनच. पण तापातून उठली तेव्हा तिचं ठरलं होतं. ऑस्कर कुठे काम करत होता ते तिने आयनरकडून नीट विचारून घेतलं: खाणीतला दगड दळायच्या वरच्या गिरणीच्या पलीकडे, पाणी आणणाऱ्या नळापाशी. सप्टेंबरात बर्फ सगळ्यात कमी असतं. सुट्टीच्या दिवशी ती एकटी घोडीवर बसून वर जायची आणि दगड उलथायची. पहिल्या वर्षी काही नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. मालक म्हणायचा, "अगं, चांदी शोधतेस की काय? निम्मी माझी हं!" ती नुसती हसायची.

तिसऱ्या सप्टेंबरात तिला आधी एक बूट दिसला, खिळ्यांच्या तळव्याचा, आणि मग बाकीचं. तिने स्वतःचा कोट त्यावर पांघरला आणि शेरीफला आणायला खाली गेली.

ऑस्करचं दफन गावच्या दफनभूमीत झालं. आयनरला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. पाद्र्याचं बोलणं संपल्यावर त्याने वर्नाचा हात धरला आणि म्हणाला, "फार उशीर केला गं मी." तिला सांत्वन करता येईना. उशीर झालाच होता.

ऑक्टोबरात, एका दुपारी जेवणानंतर, आयनर झोपला तो उठला नाही.

पुढच्या जूनमध्ये हंगाम सुरू झाला. पहिल्या दुपारच्या फेरीत वर्नाच्या मागे सहा जण होते. कड्याखालचं वळण आलं. घोडी थांबली नाही. कानसुद्धा हलवला नाही, तशीच पुढे चालली. मागचे घोडेही आले, शेपट्या हलवत, माश्या उडवत.

वर्नाला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या डोंगरात तिला पहिल्यांदाच एकटं वाटलं. तिनेच लगाम ओढला. ओळ अडखळून थांबली.

"काय झालं हो?" मागून एका गृहस्थाने विचारलं. "काही आहे का पुढे?"

"नाही," वर्ना म्हणाली. "काही नाही."

तिने त्या मोकळ्या वाटेकडे, या वेळी मान वर करून, थोडा वेळ पाहिलं. मग घोडीला टाच दिली.